जयप्रकाश नगर मेट्रोजवळचा जुना फ्लॅट: 'सोसायटी रजिस्टर्ड आहे' म्हणजे नेमकं काय रजिस्टर्ड आहे?

प्रश्न थोडक्यात असा. शहर नागपूर. नवरा मिहानला (विमानतळापलीकडचं उद्योग क्षेत्र), बायको सीताबर्डीला नोकरीला. दोघांना गाडी न काढता जाता यावं म्हणून मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर जयप्रकाश नगर ते उज्ज्वल नगर या पट्ट्यात, स्टेशनापासून पायी अंतरावर टू-बीएचके पाहिला. इमारत वीसएक वर्षं जुनी, खाली पार्किंग, वर तीन मजले, बारा फ्लॅट. पसंत पडलेला फ्लॅट तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर. भाव ६० लाख. फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, ते वारले, आता मुलगा विकतोय. बहीण अमेरिकेत असते. मुलाचं म्हणणं, "सोसायटी रजिस्टर्ड आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, नॉमिनी मीच आहे." उद्या बयाणा द्यायचा का?

उद्या नका देऊ. फ्लॅट वाईट आहे म्हणून नाही. त्याने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यातून तो मालक ठरत नाही, म्हणून.

आधी त्या शेअर सर्टिफिकेटचं बघू. नागपुरातल्या पुष्कळ वस्त्या गृहनिर्माण सहकारी संस्थांनी शेतजमीन घेऊन, ले-आउट पाडून, सभासदांना प्लॉट विकून वसवल्या. त्या संस्थेचा सभासद म्हणजे प्लॉटधारक. पुढे त्या प्लॉटवर बिल्डरने बारा फ्लॅट बांधले, तरी त्या संस्थेचा इमारतीशी काही संबंध राहत नाही. आजोबांनी किंवा मूळ प्लॉटमालकाने घेतलेलं जुनं शेअर सर्टिफिकेट घरात जपून ठेवलेलं असतं आणि विकताना तेच पुढे केलं जातं. ते खोटं नसतं, पण तुमच्या फ्लॅटचं नसतं. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. त्यावर 'भाडेकरू मालकी' असा वर्ग लिहिला असेल तर ती प्लॉटवाल्यांची संस्था. फ्लॅटवाल्यांची संस्था साधारणपणे 'भाडेकरू सहभागीदारी' वर्गात असते, आणि तिच्या पत्त्यात तुमच्याच इमारतीचा प्लॉट क्रमांक असतो.

दुसरी शक्यता नागपुरात जास्त दिसते. इमारत सहकारी संस्था नसतेच; ती महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खालची असते. बिल्डरने आधी डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणल्याचा दस्त) नोंदवलेलं असतं आणि मग प्रत्येकाला जमिनीतल्या अविभक्त हिश्श्यासह विक्रीपत्र करून दिलेलं असतं. इथे शेअर सर्टिफिकेट नसतंच. तुमची मालकी विक्रीपत्रातून येते, संस्थेच्या सभासदत्वातून नाही. गेटवर 'सोसायटी' लिहिलंय, व्हॉट्सअॅप ग्रुपचं नावही तेच आहे, याला काही अर्थ नाही. तिसरा प्रकार म्हणजे नुसती मेंटेनन्स कमिटी: एक रजिस्टर, एक बचत खातं, बाकी कुठेही नोंदणी नाही. छोट्या इमारतींत हेच जास्त. त्याने व्यवहार अडत नाही, पण वसुली आणि दुरुस्तीच्या वेळी अडतं.

आता वडिलांच्या विक्रीपत्राचं शेवटचं परिशिष्ट काढा. मालमत्तेचं वर्णन तिथे असतं: मौजा, खसरा क्रमांक, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), प्लॉट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, अपार्टमेंट क्र. ३०२, बिल्टअप क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आणि 'जमिनीतील अविभक्त हिस्सा ८.३३ टक्के' अशी ओळ. बारा सारखे फ्लॅट असतील तर ८.३३ बरोबर. डीड ऑफ डिक्लरेशन काढून बाराही हिश्श्यांची बेरीज करा. ती शंभरच्या वर जाता कामा नये. गच्चीवर नंतर चढवलेली खोली किंवा पार्किंग बंद करून केलेलं दुकान बिल्डरने आणखी एका ८.३३ ने विकलं असेल तर बेरीज १०८ वर जाते. मग तुमच्या हिश्श्याचा वाद आज नाही तर पुनर्विकासाच्या वेळी उभा राहतोच. ही बेरीज कुणी करत नाही, बँकेचा वकीलही नाही. त्याचं काम बँकेचं तारण सुरक्षित आहे का एवढंच बघणं आहे. स्वतःचा वकील वेगळा लावा आणि ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, घ्या.

खरोखर फ्लॅटवाल्यांची सहकारी संस्था निघाली तर प्रश्न बदलतो: जमीन संस्थेच्या नावावर झाली आहे का? बिल्डरने अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) करून दिलं नसेल तर आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून मूळ प्लॉटमालक किंवा बिल्डरच दिसेल. अशा वेळी संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज करू शकते. अर्ज केला आहे का ते विचारा. केला नसेल तर भावात ते धरा. सभासदत्वासाठी संस्थेला हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये आणि महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतो. त्यावर 'विकास निधी', 'देणगी' म्हणून लाखभर मागितले तर त्याला उपविधींचा, म्हणजे संस्थेच्या नियमावलीचा, आधार नाही. मागणी लेखी द्या म्हणा; बहुतेक ठिकाणी तिथेच विषय संपतो.

अपार्टमेंट असेल तर हा प्रीमियम नाही, पण एक फास आहे. १९७० च्या कायद्याप्रमाणे विक्रीच्या दिवसापर्यंत थकलेल्या सामायिक खर्चाला विकणाऱ्याबरोबर घेणाराही जबाबदार असतो. म्हणून कमिटीकडून थकबाकीचा आकडा सही-तारखेसह लेखी घ्या. 'काही बाकी नाही' असं तोंडी चालत नाही. मेंटेनन्सची विभागणीही वेगळी: सहकारी संस्थेत सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं, अपार्टमेंटमध्ये हिश्श्याच्या टक्क्यांप्रमाणे.

जमिनीचा इतिहास नागपुरात वगळून चालत नाही. सिटी सर्व्हे ऑफिसातून आखीव पत्रिका काढा आणि धारणाधिकाराचा रकाना वाचा. जमीन नझूलची (सरकारी) असेल तर भाडेपट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि हस्तांतरणाची परवानगी बघावी लागते. नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा प्लॉट असेल तर लीज कधी संपते आणि नूतनीकरण झालंय का, हे नासुप्रच्या कागदावरून बघा, विकणाऱ्याच्या सांगण्यावरून नाही. ले-आउट गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय पाडलेला), म्हणजे नागपुरात '५७२' किंवा '१९००' ले-आउट म्हणतात त्यातला असेल तर डिमांड (नियमितीकरणाची रक्कम) भरल्याची पावती आणि आरएल (नियमितीकरणाचं पत्र) दोन्ही हवेत. नुसती डिमांड नोट म्हणजे पैसे मागितल्याचा कागद. आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाला. त्यावरची इमारत मंजूर आहे, असं त्यातून होत नाही.

तेव्हा मंजूर नकाशा वेगळा मागा. तो कुठल्या भागासाठी मनपाचा, कुठल्या भागासाठी नासुप्रचा असतो, त्यामुळे मंजुरी कुणाची ते आधी विचारा. नकाशा हातात घेऊन इमारतीभोवती फिरा. मंजुरी किती मजल्यांची? पार्किंगच्या जागेत चौकीदाराच्या खोलीच्या नावाखाली वन-आरके तर नाही? पट्टा सोनेगाव विमानतळाजवळचा आहे, इथे इमारतीच्या उंचीवर विमानतळाच्या परवानगीची मर्यादा असते. शेवटचा मजला घेताय, म्हणून तोच मजला नकाशावर आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र पुष्कळ जुन्या इमारतींना नाही. नसेल तर कर्ज मिळेल का हे बयाण्याआधी बँकेला विचारा, नंतर नाही. पार्किंगची जागा विक्रीपत्रात 'विकली' असं लिहिलं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. बिल्डरला स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय.

आता नॉमिनीचं. नॉमिनी म्हणजे संस्थेने कुणाशी व्यवहार करायचा ते नाव. वारसाहक्क त्याने ठरत नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, मुलगा, मुलगी यांचे हिस्से सारखे. आई हयात असेल तर तिचाही एक. म्हणजे विक्रीपत्रावर सगळ्यांच्या सह्या, नाहीतर मुलाच्या नावे आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र. 'ताईचं काही म्हणणं नाही' हे वाक्य फोनवर ऐकून साठ लाख देऊ नका.

ताई अमेरिकेत असल्यामुळे दोन कामं वाढतात. तिचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित किंवा तिकडच्या नोटरीकडून, अपॉस्टिलसह (तिथल्या सरकारच्या प्रमाणनासह) हवं, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरायला हवं. मजकुरात हाच फ्लॅट विकण्याचा आणि नोंदणीसाठी हजर राहण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला पाहिजे. दुसरं टीडीएसचं. भाव ५० लाख किंवा त्यावर असला की निवासी (भारतात राहणाऱ्या) विकणाऱ्याचा १ टक्का कापून सरकारजमा करणं तुमचं काम. अनिवासी विकणाऱ्याला हा १ टक्क्याचा नियम लागत नाही. तिच्या हिश्श्यावर भांडवली नफ्याच्या दराने कपात होते, आणि कमी कापायचं असेल तर तिने आयकर खात्याकडून तसं प्रमाणपत्र आणायचं. कमी कापलं तर वसुली तुमच्याकडून होते. सीए बयाण्याआधी गाठा.

कागद जुळले तर इमारत बघायला दुपारी जा. मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा शेवटच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. गच्चीवर चायना मोझॅक किंवा पांढरा थर आहे का, कुठे कोबा फुगलाय का, पाणी कुठे साचतं, पाइपाच्या तोंडाशी गवत उगवलंय का, ते पाहा. खाली येऊन त्याच जागेखालच्या छताला हात लावा. रंग ताजा आणि तोही एकाच खोलीत असेल तर त्या खोलीत ओल आहे असं धरून चला.

कूलरच्या खिडक्या बाहेरून पाहा. गुढीपाडव्यापासून पाऊस लागेपर्यंत इथे कूलर चालतो, आणि बोअरच्या जड पाण्याने खिडकीखाली पांढरे ओघळ पडतात. ओघळ नुसते डाग असतील तर ठीक. तिथला गिलावा टिचकी मारल्यावर पोकळ वाजला तर पाणी भिंतीत मुरलंय. पार्किंगमधल्या खांबांकडे नीट बघा, इमारतीची तब्येत तिथे कळते. कोपऱ्याच्या सळईला समांतर उभी चीर, तिच्यातून तांबूस डाग, बुडाशी सुटलेलं काँक्रीट: म्हणजे आत सळई गंजून फुगतेय. नुसता नवा गिलावा फासून ती थांबत नाही. तळमजल्याच्या भिंतींत तिरप्या पायरीसारख्या चिरा दिसल्या तर काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्याचा तो परिणाम. खिडकीच्या कोपऱ्यातली केसाएवढी चीर सोडून द्या. बोटाचं नख जाईल एवढी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचं कधी झालं ते विचारा.

पैसा किती शिल्लक आहे तेही विचारा. संस्थेने निक्षेप निधी (सिंकिंग फंड) फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का गोळा करायचा असतो. प्रत्येक फ्लॅटचा बांधकाम खर्च ८ लाख धरला तर फ्लॅटमागे वर्षाला २,००० रुपये, बारा फ्लॅटचे २४,०००, वीस वर्षांचे ४ लाख ८० हजार आणि वर व्याज. पासबुकात चाळीस हजार असतील तर लिफ्टची मोटर किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग तुम्ही राहायला आल्या आल्या वर्गणीने होणार. तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि वार्षिक सभांची इतिवृत्तं मागून घ्या. इतिवृत्तांत भांडणं दिसतात, ती ब्रोकर सांगत नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर धरून चौघांच्या घराला ५४०, बारा घरांना साडेसहा हजारच्या आसपास. उन्हाळ्यात एक मोठा डेझर्ट कूलर दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी पितो. घरटी दोन कूलर धरले तर आणखी बाराशे ते चोवीसशे लिटर. खालची टाकी पाच हजारांची असेल तर एप्रिल-मेमध्ये टँकर कधी लागतो का, हे पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. विकणाऱ्याला विचारू नका.

पायी अंतर नकाशावर मोजू नका. आरामात चालणारा माणूस मिनिटाला ८० मीटर जातो, म्हणजे ८०० मीटरला दहा मिनिटं. पण वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो अशी रचना आहे. फलाटापर्यंतची चढण आणि रस्ता ओलांडणं धरून चार-पाच मिनिटं वाढवा. स्टेशनाचा जिना आपल्या बाजूला उतरतो का, सरकता जिना आणि लिफ्ट त्याच बाजूला आहे का, ते पाहा. घर मनीष नगरच्या बाजूला असेल तर मधे रेल्वेमार्ग आहे. सरळ रेषेतलं अंतर विसरा आणि पूल किंवा भुयारी मार्गातून फिरून जाणारी वाट चालून बघा. एकदा दुपारी दीड वाजता, एकदा रात्री नऊनंतर. सावली किती, फुटपाथवर गाड्या लावलेल्या आहेत का, दिवे लागतात का, कुत्र्यांचं टोळकं कुठल्या कोपऱ्यावर असतं, हे त्यातच कळेल. वर्धा रोडला लागून असलेल्या इमारतीत दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर उड्डाणपुलावरची वाहतूक असते. दोन गल्ल्या आत घेतलेलं घर पाच मिनिटं लांब, पण झोप लागणारं असतं.

दुसरं टोकही मोजा. सीताबर्डीवाल्यांचं सोपं आहे. मिहानला मात्र खापरी स्टेशनाच्या दारात ऑफिस नाही. पुढे फीडर बस, ऑटो किंवा कंपनीची गाडी लागते. तिचं वेळापत्रक शिफ्टशी जुळत नसेल तर बाइक निघणारच, आणि मग 'मेट्रोजवळ' म्हणून जादा मोजलेले पैसे अर्धेच वसूल होतात. बुटीबोरीकडचा दुसरा टप्पा होईल म्हणून आजच भाव वाढवून मागणाऱ्याला सांगा, गाडी धावेल तेव्हा बोलू. हाच शोध अॅक्वा लाइनवर, सुभाष नगर-अंबाझरी बाजूला नेणार असाल तर २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात पार्किंगमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारी विचारा. भिंतीवरची रेघ रंगाखाली गेली असली तरी मीटरचे बोर्ड वर सरकवलेले दिसतात.

सौदा ठरवताना सुपर बिल्टअपवर (जिना, लॉबीचा वाटा धरून सांगितलेल्या क्षेत्रावर) बोलू नका. हजार फूट सांगितलेल्या फ्लॅटमध्ये टेप लावली की सातशे-साडेसातशे निघतात. खोल्या मोजा, कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या क्षेत्रावर) भाव काढा, मग तुलना करा. विक्रीपत्रातला चौरस मीटरचा आकडा १०.७६४ ने गुणला की चौरस फूट मिळतात. रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य आधी काढा. ठरलेला भाव त्याच्या बराच खाली असेल तर मुद्रांक शुल्क रेकनरवरच लागतं, आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर तुमच्या हातात आयकराचा प्रश्नही येऊ शकतो.

मुद्रांक शुल्क मूळ ५ टक्के आणि वर मेट्रो व स्थानिक संस्थेचे अधिभार. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सूट, म्हणजे ६० लाखांवर ६०,००० रुपये. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. तो कर्जात सहअर्जदार राहू शकतो, पण मालकीत नसल्यामुळे गृहकर्जाची आयकर वजावट त्याला मिळणार नाही; दोन्ही आकडे मांडून ठरवा. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. जुन्या, पूर्ण झालेल्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीवर जीएसटी नाही, कुणी मागितला तर देऊ नका.

क्रम असा ठेवा. वारसांचे कागद, सर्च आणि मंजूर नकाशा हातात आल्यावरच टोकन, तेही छोटं आणि चेकने, 'मालकी निर्वेध न निघाल्यास परत' असं लिहून. मग स्थानिक मराठी आणि इंग्रजी दैनिकात वकिलामार्फत जाहीर सूचना, हरकतींना पंधरा दिवस. मग नोंदणीकृत करारनामा. नोटरीपुढचा करारनामा स्वस्त पडतो, पण विकणाऱ्याने मधल्या काळात दुसऱ्याशी रजिस्ट्री केली तर तुमच्या हातात भांडणच उरतं. विकणाऱ्यावर कर्ज असेल तर बँकेकडून बाकीचं पत्र घ्या, त्या रकमेचा चेक थेट त्या बँकेच्या नावे काढा, आणि मूळ कागदांची यादी बँकेच्या शिक्क्यासह घ्या. शेवटची रक्कम दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, सह्यांच्या वेळी. ताबा घेताना वीज आणि पाण्याच्या मीटरचा फोटो काढा.

रजिस्ट्रीनंतर आठवड्याभरात सूची २ (इंडेक्स टू, नोंदणीचा गोषवारा) काढून नावाची स्पेलिंगं तपासा. मनपाच्या मालमत्ता करावर नाव चढवायचा अर्ज तीन महिन्यांच्या आत, महावितरण आणि ओसीडब्ल्यूकडे (पाणीपुरवठा कंपनी ऑरेंज सिटी वॉटर) नावबदल त्याच सुमारास. सहकारी संस्था असेल तर सभासदत्वाच्या अर्जाची पोच तारखेसह घ्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर मानीव सभासद म्हणून निबंधकांकडे जाता येतं, आणि त्या वेळी ती पोचच लागते. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला तुमच्या नावाची नोंद पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी झाली की त्याच दिवशी तुमचा नामांकनाचा अर्जही देऊन टाका.